शनिवारी चार वाजता हरणारी माणसं

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा मल्ल जिम ब्रेक्स चांगला बाप्या माणूस असून भर रिंगमध्ये पाय आपटायचा. पंचाने ताकीद दिली की कमरेवर हात ठेवून हुज्जत घालायचा. पाठ टेकली की ती टेकलीच नव्हती, हे हॉलच्या चारही बाजूंना जाऊन पटवून द्यायचा. मग प्रेक्षक ‘क्राय बेबी, क्राय बेबी’ असा ठेका धरायचे आणि हा कान झाकून घ्यायचा. लहान चणीचा, सत्तर किलोच्या आतबाहेरचा गडी. पण एकदा समोरच्याचा हात त्याच्या ताब्यात आला की सगळं रडगाणं बंद. हात पिरगाळायचा, कोपरातून ताठ करायचा आणि त्याच हातावर त्या माणसाला मॅटवरून उचलायचं, हा त्याचा ठेवणीतला डाव. समोरचा ‘सोडलं’ म्हणेपर्यंत ब्रेक्स सोडायचा नाही. ‘ब्रेक्स स्पेशल’ असं नावच पडलं होतं त्या डावाला.

सध्या रात्री जेवणं आवरली की मी यूट्यूबवर या जुन्या कुस्तीच्या लढती बघत बसते. घरातल्यांना वाटतं, काहीतरी वाचतेय.

या लढती इंग्लंडमधल्या आयटीव्ही वाहिनीवरच्या. ९ नोव्हेंबर १९५५ रोजी लंडनच्या पूर्व भागातल्या वेस्ट हॅम बाथ्समधून पहिल्यांदा कुस्ती दाखवली गेली, तेव्हा वाहिनी सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १९६५ पासून ती ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ या शनिवारच्या लांबलचक कार्यक्रमात आली आणि तिची वेळ पक्की झाली. दुपारी चारला कुस्ती, पावणेपाचच्या सुमाराला फुटबॉलचे निकाल. निकालांवर पैसे लावलेले बाप्ये टीव्हीसमोर येऊन बसायचे ते निकालांसाठी. आज्या मात्र आधीपासून बसलेल्या असायच्या, त्या कुस्तीसाठी. क्रॉयडन, वुल्व्हरहॅम्प्टन, प्रेस्टन, ब्रॅडफर्ड अशा गावांतल्या नगरसभागृहांत आठवड्याच्या मधल्या वारी चित्रीकरण व्हायचं. सिगारेटच्या धुराने वरचे दिवे धुरकट झालेले, खुर्च्या लाकडी. फटाके नाहीत, आतषबाजी नाही, मायक्रोफोन हातात घेऊन अर्धा तास भाषण नाही. एक घंटा, एक पंच, दोन माणसं.

सगळं ठरलेलं असायचं, हे आधीच सांगून टाकते. कोण जिंकणार, साधारण कितव्या फेरीत, कुठल्या डावावर. आपल्याकडे अशाला नुरा कुस्ती म्हणतात आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. मीही त्यातलीच. माझं आजोळ सांगली जिल्ह्यात. तिथल्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरायचा. सकाळी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या आणि उन्हं कलायला लागली की हलगीच्या कडकडाटात हजारांच्या इनामाच्या. हरलेला पैलवान अंगावरची माती न झाडता गर्दीत शिरायचा आणि दिसेनासा व्हायचा. त्याच्याकडे कुणी बघायचंही नाही. जिंकलेल्याला खांद्यावर घेऊन फडभर फिरवायचे, लोक त्याच्या हातात नोटा कोंबायचे. हरणं म्हणजे तोंड लपवणं, एवढंच मला माहीत होतं. त्यामुळे हरणं हे एखाद्याचं काम असू शकतं, त्यात कसब असू शकतं आणि त्या कसबावर एक सबंध कार्यक्रम तेहतीस वर्षं चालू शकतो, हे समजायला मला जिम ब्रेक्स भेटावा लागला.

आधी नियम सांगायला हवेत, कारण सगळी गंमत नियमांत आहे. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘ऑल-इन’ नावाची कुस्ती चालायची. तिला धरबंध नव्हता, आणि ती बदनाम झाली. महायुद्धानंतर तिला पुन्हा चारचौघांत बसवण्याजोगी करायची म्हणून १९४७ मध्ये एक समिती नेमली गेली. समितीवर एक ऑलिंपिक मल्ल होता, एक खासदार होता आणि तिला नाव मिळालं ते अॅडमिरल लॉर्ड माउंटइव्हान्स यांचं. हे तेच इव्हान्स, जे कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवावरच्या मोहिमेत त्याचे दुय्यम अधिकारी होते. अंटार्क्टिकातून जिवंत परत आलेला माणूस पुढे कुस्तीत कानाला हात लावायचा की नाही यावर विचार करत बसला असेल, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

समितीने सात वजनी गट आखले. लढत फेऱ्यांमध्ये, बहुतेकदा पाच-पाच मिनिटांच्या, मध्ये कोपऱ्यात जाऊन बसायचं, तोंडावर पाणी मारून घ्यायचं. दोन्ही खांदे मॅटला लावून पंचाने तीन मोजले की एक चीत. शरणागती आली तरी एक गुण. दोन गुण आधी मिळवेल तो विजयी. दहा मोजेपर्यंत उठला नाही तर तिथेच खेळ खलास. खाली पडलेल्या माणसावर तुटून पडायचं नाही, त्याला उठू द्यायचं. नियम मोडला तर जाहीर ताकीद. अशा दोन ताकिदी चालतील, तिसरीला बाद.

या दोन ताकिदींवर मी तासन् तास बोलू शकेन. खलनायक रिंगमध्ये येतो तेव्हा त्याच्याकडे दोन ताकिदींची पुंजी असते. ती कधी खर्चायची, यात त्याची अक्कल दिसते. पहिल्याच फेरीत दोन्ही उधळणारा कच्चा. मुरलेला खलनायक पहिली ताकीद दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत घेतो, प्रेक्षक तापले की दुसरी, आणि मग उरलेला सगळा वेळ तो आता नियम मोडेल, मग मोडेल, या धास्तीवर हॉल धरून ठेवतो. पंचाची पाठ वळते, मूठ आवळली जाते, पंच वळतो, मूठ उघडून तळवा पुढे : मी काय केलं? पुढे अमेरिकी कुस्ती बघताना खुर्च्या, टेबलं, शिड्या मोडल्या तरी मला काही वाटेनासं झालं. मोडायला नियमच शिल्लक नसेल तर मोडण्यात मजा कसली?

आता चांगल्या माणसांकडे वळते. मँचेस्टरजवळच्या फेल्सवर्थचा जॉनी सेंट आणि लंडनचा स्टीव्ह ग्रे यांच्या लढती या सगळ्या खजिन्यातल्या सर्वांत देखण्या, असं माझं मत आहे आणि ते बदलण्याची शक्यता कमी. दोघेही लाइटवेट, दोघेही सरळमार्गी, दोघांपैकी कुणी एकदाही लबाडी करत नाही. एकाने मनगट धरायचं, दुसऱ्याने कोलांटी मारून, पायाने ढकलून, डोक्यावर उभं राहून ते सोडवायचं आणि सोडवता सोडवता पहिल्याचंच मनगट धरलेलं असायचं. आपल्या तालमीत प्रत्येक डावाला तोड शिकवतात, तशा नुसत्या तोडीच तोडी. सेंटची एक खोडी प्रसिद्ध आहे. तो गुडघे पोटाशी घेऊन, हात पायांत अडकवून मॅटवर वाटोळा होऊन पडतो. समोरच्याला कळेना, याला धरायचं कुठून? हात नाही, पाय नाही, मान नाही. तो भोवती फिरतो, पंचाकडे बघतो, शेवटी न राहवून हात घालतो, आणि त्या हातासकट पलीकडे जाऊन पडतो. हॉल हसतो, पडलेला माणूसही हसतो, उठून सेंटशी हस्तांदोलन करतो. ही परंपरा स्कॉटलंडमधल्या डंडीच्या जॉर्ज किडकडून आलेली. किड १९७६ मध्ये निवृत्त झाला, त्यानंतर सेंट जागतिक लाइटवेट विजेता झाला.

माझा मधला मामा कोल्हापूरच्या तालमीत राहिलेला. आता सत्तरी ओलांडली, गुडघे गेले, पण आवाज तोच. दिवाळीत आला होता तेव्हा त्याला मी सेंट आणि ग्रेची लढत दाखवली. पहिली पाच मिनिटं तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, “अगं, हात सोडवाय एवढा येळ? पट काढ की सरळ.” ठरवून चाललंय हे त्याने पहिल्या मिनिटालाच ओळखलं होतं, त्यामुळे मला वाटलं आता उठून जाईल. उठला नाही. पुढे ब्रेक्सची लढत लावली. ब्रेक्सला कुणीतरी खांद्यावरून फेकला, तो पाठीवर आपटला, कण्हत पुढे दोन कोलांट्या खाऊन दोरांत अडकला. मामा पुढे झुकला. “परत लाव.” परत लावलं. “ह्यो गडी पडतोय बघ कसा. पाठ आधी, मान आत, हात बाजूला. ह्याला पडाय कुणी शिकवलं?”

कुणी शिकवलं, याचं उत्तर उत्तर इंग्लंडच्या खाणींच्या आणि गिरण्यांच्या गावांत आहे. विगनमध्ये बिली रायलीची तालीम होती. तिला लोक ‘स्नेक पिट’ म्हणत. लँकेशायरची जुनी ‘कॅच’ कुस्ती तिथे शिकवली जायची. खाणकामगार दिवसभराची पाळी संपवून तिथे येऊन एकमेकांचे सांधे पिळायचे. बिली रॉबिन्सन तिथला, कार्ल गॉच तिथे शिकून पुढे जपानला गेला आणि तिकडे त्याला देवासारखं मानतात. टीव्हीवरचे सगळे मल्ल काही त्या तालमीतले नव्हते. पण हॉलमध्ये उतरणाऱ्या बऱ्याच जणांना खरी कुस्ती येत होती, आणि समोरच्याला खरंच येते हे प्रत्येकाला ठाऊक होतं. हात मोडता येतो तरी तो मोडायचा नाही, मोडतोय असं दाखवायचं. ज्याचा हात आहे त्याने तो विश्वासाने द्यायचा. वर चेहऱ्यावर असं दाखवायचं की मी कधीच दिला नसता.

खऱ्या कुस्तीचा अभिमान असणाऱ्यांना (मीही त्यात आहे) मी गामाची गोष्ट सांगते. १९१० च्या सप्टेंबरमध्ये गामा पैलवान लंडनला गेला, शेफर्ड्स बुशच्या स्टेडियममध्ये पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी लढला. लढत खरी, निकाल न ठरलेला. झिबिस्कोने सुरुवातीलाच ओळखलं की हा माणूस आपल्याला उचलून टाकणार, म्हणून तो मॅटवर पालथा पडून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढच्या आठवड्याला पुन्हा लढायचं ठरलं, तर झिबिस्को आलाच नाही. गामाचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. १९२८ मध्ये पतियाळात त्याने त्याच झिबिस्कोला मिनिटभराच्या आत आसमान दाखवलं. पण त्या दिवशी लंडनमध्ये तिकीट काढून बसलेल्या माणसाचा विचार करा. ब्रिटिश कुस्तीच्या धंदेवाल्यांनी पुढे हाच विचार केला. न हरण्याची धडपड बघायला लोक पैसे देत नाहीत. कुणीतरी मन लावून हरायला हवं.

मन लावून हरण्यात मिक मॅकमॅनसचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि गंमत म्हणजे तो फारसा हरायचा नाही. दक्षिण लंडनचा, बुटका, रुंद, काळी चड्डी, काळे केस चापूनचोपून बसवलेले. ‘ज्याचा द्वेष करायला आवडतो असा माणूस’ अशी त्याची जाहिरात व्हायची. लबाडीत पहिला, पण त्याच्या कानाला कुणी हात लावला की कळवळून ओरडायचा, “कान नको, कान नको!” सगळा देश हे वाक्य म्हणायचा. त्याचा वैरी जॅकी पॅलो. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, सोनेरी केसांची शेंडी, तिला मखमली फीत. तोही खलनायकच. साठच्या दशकात एफए कप फायनलच्या दिवशी, फुटबॉलच्या आधी, या दोघांची लढत दाखवली जायची यावरून त्यांचं वजन कळावं. दोन खलनायक समोरासमोर आले की प्रेक्षकांची पंचाईत होते, कुणाच्या बाजूने ओरडायचं? म्हणून ते दोघांच्याही विरुद्ध ओरडायचे. मॅकमॅनस वर्षानुवर्षं पडद्यामागे लढती जुळवण्याचं कामही करायचा, म्हणजे कोण हरणार हे ठरवणाऱ्यांत तो स्वतः होता. तो कमी का हरायचा याचं एक उत्तर तिथेही मिळतं.

आणि त्या आज्या. कुठलीही रेकॉर्डिंग लावा, पहिल्या रांगेत चार-पाच तरी असतातच. नीट सेट केलेले केस, चष्मा, मांडीवर पर्स. घंटा होईपर्यंत शांत. मग खलनायक दोरांपाशी आला की उठतात आणि पर्सने हाणतात. हॅटला लावायच्या टाचण्या टोचल्याच्या, विझती सिगारेट पाठीला चिकटवल्याच्या कहाण्या जुने मल्ल हसत सांगतात. मॅकमॅनस दोराबाहेर आला की एखादी आजी त्याच्या नाकासमोर बोट नाचवत त्याला असं काही सुनावते की आवाज नसला तरी शब्द कळतात.

मला या बायका बघताना हेवा वाटतो. आमच्या यात्रेत फडाभोवती बाई बसलेली मी कधी पाहिली नाही. आम्ही मुली दुसऱ्या आळीतल्या माळवदावरून बघायचो, तिथून हलगी ऐकू यायची आणि धूळ दिसायची. कुणाची कुस्ती निकाली झाली हे मामा घरी आल्यावर कळायचं. आणि इथे सत्तरीतल्या बायका आठवडाभर राबून, शनिवारी का बुधवारी, एका उघड्या अंगाच्या पुरुषाला चारचौघांत शिव्या घालायला येतात, आणि तो पुरुष पैसे घेऊन त्या खातो. त्या बायकांना सगळं खरं वाटत होतं का? मला नाही वाटत. आठवडाभर ज्याच्यावर ओरडता येत नाही, त्याच्या वाटचं त्या मॅकमॅनसवर ओरडत असाव्यात. मॅकमॅनसला ते पुरेपूर ठाऊक होतं. तो दोरांपाशी जरा जास्तच वेळ रेंगाळायचा.

या सगळ्याला आवाज दिला केंट वॉल्टनने. १९५५ पासून १९८८ पर्यंत समालोचक तोच. ‘नमस्कार, कुस्तीप्रेमी मंडळी’ अशी सुरुवात आणि शेवटी पुढच्या आठवड्यापर्यंतचा निरोप. कैरोत जन्मलेला, युद्धात हवाई दलात असलेला, रेडिओवर गाणी लावणारा माणूस. त्याचं कसब असं की तो ओरडत नाही. मॅटवर काय चाललंय ते सांगतो, डावाचं नाव सांगतो, आणि गर्दी तापली की गप्प बसतो. हे सगळं तो इतक्या गंभीरपणे करतो की लढत खोटी असेल, समालोचन खोटं नाही असं वाटायला लागतं. आजचे समालोचक श्वास घ्यायला थांबत नाहीत, तेव्हा मला वॉल्टन आठवतो. याच गृहस्थाने सत्तरच्या दशकात टोपणनावाने प्रौढांसाठीचे चावट सिनेमे काढले होते, हे मला अलीकडे कळलं. तेव्हापासून त्याचा तो सभ्य आवाज मी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकते.

मुखवटेवाला केंडो नागासाकी मात्र मला कधी भावला नाही. लोकांना तो फार आवडतो. जपानी सामुराईचा अवतार करणारा हा मल्ल मूळचा स्टोकचा, एक शब्द न बोलणारा. त्याच्या वतीने व्यवस्थापक जॉर्ज जिलेट बडबड करायचा. डिसेंबर १९७७ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला त्याने समारंभपूर्वक मुखवटा उतरवला, धूप, तलवार, मुंडण केलेलं डोकं, सगळा थाट. तो समारंभ एकदा बघा, कुस्तीसाठी नाही, हॉलमधल्या चेहऱ्यांसाठी. एरवी दंगा करणारी गर्दी देवळात बसल्यासारखी बसली आहे.

एड्रियन स्ट्रीटचं तसं नाही. वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा, स्वतः पोरवयात खाणीत उतरलेला. रिंगमध्ये यायचा तो ओठांना रंग, डोळ्यांवर चमकी, सोनेरी केस, झगमगता झगा अशा थाटात, आणि ज्याने हसावं त्याला धरून पिळून काढायचा. १९७३ मध्ये तो त्याच अवतारात बापाच्या खाणीवर गेला आणि कोळशाने काळ्या झालेल्या बापाशेजारी उभा राहून फोटो काढून घेतला. तो फोटो शोधून बघाच. बापाच्या चेहऱ्यावर काय आहे हे मला अजून नीट वाचता आलेलं नाही.

आणि मग बिग डॅडी.

हॅलिफॅक्सचा शर्ली क्रॅबट्री. बापाचं नावही शर्लीच. पन्नासच्या दशकात देखणा, पिळदार मल्ल म्हणून थोडं नाव मिळवलेला, मग बराच काळ बाजूला पडलेला. १९७५ च्या सुमारास त्याचा भाऊ मॅक्स कुस्तीचा धंदा चालवायला लागला आणि शर्ली परत आला, आता प्रचंड पोट, चौसष्ट इंच छाती, बायकोने सोफ्याच्या कापडातून शिवलेला पोशाख. सुरुवातीला खलनायक, जाईंट हेस्टॅक्सचा जोडीदार. पण पोरांना तो आवडायला लागला. मग पुढची दहा-बारा वर्षं सगळा देश ‘ईझी, ईझी’ असं ओरडत त्याच्यामागे.

त्याच्या लढती मी इमानदारीने बघितल्या. सांगते कशा असतात. जोडीची लढत. डॅडीसोबत एक चपळ, कोवळा पोरगा. समोर दोन दांडगट. पोरगा दहा मिनिटं मार खातो, कोपऱ्यातून सुटायला बघतो, सुटत नाही, पुन्हा मार खातो. शेवटी कसाबसा डॅडीच्या हाताला हात लावतो. डॅडी आत येतो, पोटाने दोघांना उडवतो, एकावर पूर्ण वजन टाकून आडवा पडतो, पंच मोजतो, संपलं. गाणं, पोरं, टाळ्या. लढत केली त्या पोराने आणि त्या दोन दांडगटांनी. डॅडीने हात वर केले.

१८ जून १९८१ रोजी वेम्बली अरीनामध्ये डॅडी आणि हेस्टॅक्स समोरासमोर आले. हेस्टॅक्स म्हणजे मार्टिन रुआन, सहा फूट अकरा इंच. वर्षानुवर्षांचं वैर, खचाखच भरलेला अरीना, आणि लढत तीन मिनिटांच्या आत आटोपली. मी दोनदा बघितली, कारण पहिल्यांदा मला वाटलं रेकॉर्डिंग कापलंय. दुसऱ्यांदा फक्त हेस्टॅक्सकडे बघितलं. एवढा अजस्र देह, पण पडायचं कधी, लडखडायचं किती, डॅडीचा धक्का खरा वाटावा म्हणून एक पाऊल मागे कधी टाकायचं, हे त्याने सगळं नीट केलं होतं. हा माणूस जवळजवळ सगळी कारकीर्द एकाच माणसाकडून हरला.

लोक म्हणतात, बिग डॅडीने ब्रिटिश कुस्ती मोठी केली. लोक असंही म्हणतात की त्यानेच ती मारली. मला दुसरं जास्त पटतं, पण कारण वेगळं. त्याच्या पोटामुळे किंवा त्याला डाव येत नव्हते म्हणून नाही. तो कुणासाठी हरला नाही म्हणून. सेंट हरायचा, मॅकमॅनस कधीमधी हरायचा, ब्रेक्स तर हरून रडायचा, आणि त्यातून पुढच्या शनिवारचा कुणीतरी उभा राहायचा. डॅडीमागून कुणी उभं राहिलं नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसासमोर दर आठवड्याला सगळे आडवे होत राहिले, आणि भाऊ तिकीटं विकत राहिला.

ऑगस्ट १९८७ मध्ये ग्रेट यारमथला अशीच एक लढत झाली. ती टीव्हीसाठी नव्हती. समोर मॅल कर्क, ‘किंग काँग’ नावाने लढणारा, टकला, दाढीवाला, जुना खलनायक. ठरल्याप्रमाणे डॅडी त्याच्यावर आडवा पडला, पंचाने मोजलं, लढत संपली. कर्क उठला नाही. त्याला आधीपासून गंभीर हृदयविकार होता, असं पुढे चौकशीत निघालं आणि डॅडीवर दोष आला नाही. दोष द्यावा असं मलाही वाटत नाही. पण कर्कच्या जुन्या लढती आता बघताना तो पडला की मी पंचाचे आकडे मोजते.

‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ १९८५ मध्ये बंद झालं. कुस्ती आणखी तीन वर्षं वेगळ्या वेळी दाखवत राहिले, मध्येमध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या लढतीही लावत. त्याच सुमाराला जॅकी पॅलोने आत्मचरित्र लिहून धंद्याची सगळी गुपितं फोडली आणि जुने सहकारी त्याच्यावर खवळले. प्रेक्षकांचं काही बिघडलं असेल असं वाटत नाही. १९८८ च्या डिसेंबरमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. वाहिनीवरच्या साहेबांना, ग्रेग डाइकना, हे सगळं जुनाट, गरिबांचं वाटत होतं. चुकीचं नव्हतं, होतंच ते जुनाट आणि गरिबांचं.

तोवर चांगले मल्ल निघून गेलेले. रोलरबॉल रोको आणि डायनामाइट किड यांच्या लढती बघितल्यात तर तुम्हाला वाटेल रेकॉर्डिंग पुढे पळवलंय. रोको जपानला जाऊन ‘ब्लॅक टायगर’ झाला, डायनामाइट कॅनडाला गेला. त्याच्यामागोमाग त्याचा नात्यातला भाऊ गेला. तो विगनजवळच्या गोलबर्नचा, आयटीव्हीवर पोरवयात ‘यंग डेव्हिड’ नावाने लढलेला.

त्या यंग डेव्हिडला आपण ओळखतो. नव्वदच्या दशकात केबल आली आणि माझ्या धाकट्या भावाने डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांचा कॅट जमवला, त्यात तो ‘ब्रिटिश बुलडॉग’ होता. पत्त्यावर उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या लढती, जिंकलेल्या लढती. हरलेल्यांचा रकाना नव्हता. भाऊ कॅट पिसायचा आणि मला दरवेळी तळाचे पत्ते यायचे.

२९ ऑगस्ट १९९२ रोजी लंडनच्या जुन्या वेम्बली स्टेडियमवर, भरगच्च गर्दीसमोर, बुलडॉग आणि ब्रेट हार्ट लढले. ब्रेट त्याचा मेहुणा. पंचवीस मिनिटांची लढत, आणि अनेकांच्या मते दोघांच्याही कारकिर्दीतली सर्वोत्तम. पुढे ब्रेटने स्वतः सांगितलं, की लढत सुरू होताच बुलडॉग ठरलेलं सगळं विसरला. कुठला डाव कधी, काही आठवेना. मग ब्रेट त्याला पकडीत धरायचा आणि कानाशी पुढचं सांगायचा, पुन्हा पकड, पुन्हा पुढचं, असं पंचवीस मिनिटं. हे कळल्यावर मी ती लढत परत लावली. पकडीत दोघांची डोकी जवळ येतात, ब्रेटचे ओठ बुलडॉगच्या केसांआड जातात, मग बुलडॉग उसळून सुटतो आणि स्टेडियम दणाणतं. शेवटी ब्रेट त्याच्या पाठीवरून कोलांटी मारून त्याला चीत करायला जातो, बुलडॉग त्याचे पाय अडकवून त्याच्यावरच बसतो. एक, दोन, तीन. ब्रेट चीत.